नुसत्या रिंगा टाकायच्या की बोअर करायचा? मोजा, मग दर सांगा

व्हिडिओत पिस्टन मोजताना घाई झाली होती, म्हणून इथे सावकाश सांगतो.

आपल्या राजुऱ्यात सास्तीचा कोळसा आणि गडचांदूरकडचं सिमेंट, दोन्हींची धूळ रस्त्यावर असते. एअर फिल्टर फाटका असला की ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. मग गिऱ्हाईक येतं, "भाऊ, धूर मारते, नुसत्या रिंगा टाकून देजो." मीही एकदा न मोजता टाकून दिल्या. दोन महिन्यांत गाडी परत, तोच निळा धूर! मजुरी गेली, ब्लॉकचं काम खिशातून केलं, आणि तो माणूस चार जणांना सांगत फिरला ते वेगळंच.

चूक काय झाली? जुन्या स्प्लेंडरचं इंजिन घ्या, 97.2 सीसी, बोअर 50 मिमी. पिस्टन साफ केल्यावर स्कर्टवर उभे ओरखडे दिसतात, ते बोटाने तपासा. नख अडकलं तर पिस्टन बाद. पण ओरखडे नसले म्हणून पिस्टन चांगला, असं नाही. मायक्रोमीटर लावा, पण कुठे? पिस्टन पूर्ण गोल नसतो, पिनच्या दिशेने थोडा कमी असतो आणि माथ्याकडे निमुळता होतो. म्हणून स्कर्टच्या खालच्या भागात, पिनला काटकोनात मोजायचं. नेमकी उंची आणि मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. बोअरच्या मापातून पिस्टनचं माप वजा केलं की फट मिळते. बोअर 50.09, पिस्टन 49.93, म्हणजे फट 0.16. एवढ्या फटीत नवीन रिंगा काय करणार?

बोअर गेज महाग आहे, बहुतेक छोट्या दुकानांत नसतो. त्यावर उपाय आहे. नवी रिंग बोअरमध्ये टाका, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि तोंडाची फट फिलर गेजने मोजा. एकदा अगदी खाली, जिथे रिंगा घासत नाहीत. एकदा वर, कडेच्या जरा खाली, कारण झीज तिथेच जास्त होते. दोन मापांतला फरक 3.14 ने भागा. खाली 0.15 आणि वर 0.46 आली तर फरक 0.31, म्हणजे बोअर वर 0.10 मिमीने मोठा झालाय. हे गणित बरोबरच येतं, कारण व्यास वाढला की घेर 3.14 पट वाढतो. अंडाकृती झीज मात्र यात कळत नाही, त्यासाठी लेथवाल्याकडचा गेजच लागतो.

आता धंद्याची गोष्ट. ही मापं गिऱ्हाइकासमोर घ्या आणि जॉब कार्डवर लिहा. मग रिंगांचा दर आणि 0.25 ओव्हरसाईज पिस्टनसह बोअरिंगचा दर, दोन्ही बाजूबाजूला सांगा. "नुसत्या रिंगाच टाका" म्हणाला तर कार्डावर तसं लिहून सही घ्या. माझ्याकडे अशी सही करणारे फार कमी निघतात, आकडा पाहिला की माणूस स्वतःच विचार करतो.

ओव्हरसाईज पिस्टन आधी विकत आणा, त्याचं माप लेथवाल्याला द्या, मगच बोअर करायला सांगा. आणि ब्लॉक चढवण्याआधी एअर फिल्टरची पेटी उघडून रबरी पाईपला चीर आहे का ते बघा. माझ्या त्या गाडीत ती होती.