अक्कलहुशारीने, राजीखुशीने

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली दस्तलेखकांची टेबलं ओळीने लागली आहेत. प्रिंटरची खरखर, शाईचे पॅड, आधारकार्डांच्या झेरॉक्स. मी दुसऱ्याच एका दस्ताला साक्षीदार म्हणून आलोय आणि आमचा नंबर यायला अवकाश आहे. शेजारच्या टेबलाशी साठीची एक बाई, तिचा धाकटा भाऊ आणि भाचा बसलेत. वडील गेले, वारसनोंद झाली, सातबारावर दोघांचीही नावं लागली. आज बहीण हक्क सोडणार आहे.

दस्तलेखक मसुदा वाचतोय. वाचतोय कसला, पळतोय. लिहून देणार, लिहून घेणार, गट नंबर, आकार, चतुःसीमा. मग येतं 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह'. ही ओळ खरेदीखतातली, इथे मसुद्याबरोबर आयतीच आलीय. मला ती आवडते. विहिरीचं पाणी कुणाचं, बांधावरचा आंबा कुणाचा, नांगराला लागलेला हंडा कुणाचा, या प्रत्येक तंट्याची वाट एकेका शब्दाने बुजवलेली आहे. दस्ताच्या मराठीला हसणं सोपं आहे. पण तिथला एक शब्द गाळला की पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते.

'...माझा समाईक व अविभक्त हिस्सा मी विनामोबदला, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय कायमचा सोडून दिला असून...'

"किती रान हाय ह्यात?" बाई मध्येच विचारतात.

"एक हेक्टर साठ आर."

बाई भाच्याकडे बघतात. "चार एकराला जरा कमी, आत्या," तो सांगतो.

"मग आता माझं नाव राहतंय का जातंय?"

दस्तलेखक पहिल्यांदाच कागदावरून मान वर करतो. "जातंय, मावशी."

भाऊ टोपी काढून पुन्हा घालतो. "अक्का, नाव गेलं म्हणून माहेर तुटतंय व्हय?"

बाई काही बोलत नाहीत. चार पानी दस्तात 'नाव जातं' असं साध्या मराठीत कुठेही लिहिलेलं नाही. आणि त्यांनी हा प्रश्न विचारण्याआधीच त्यांची अक्कलहुशारी छापून तयार होती! हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो आणखी पक्का केला. या टेबलावर त्याचं नावही निघत नाही. निघते ती साडीचोळी.

तिघांना आत बोलावतात. दार उघडंच आहे. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. "सही तुमचीच ना?" "व्हय." अधिकाऱ्याने माणसाची ओळख पटवायची आणि दस्त करून दिल्याची कबुली घ्यायची, एवढं कायदा सांगतो. काय कळलं, ते कुणी विचारत नाही. आता फेरफार तलाठ्याकडे जाईल आणि उताऱ्यावर एक नाव उरेल.

बहिणीला सहीसाठी आणणार असाल, तर मसुदा आठवडाभर आधी तिच्या हातात द्या आणि 'नाव जातं' हे तुमच्या तोंडाने सांगा. नोंदलेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. समोरचा राजी नसेल, तर त्यासाठी दिवाणी कोर्टच गाठावं लागतं.