ग्रीनलँडमधील नॉर्स वसाहती आणि हवामानबदल

ग्रीनलँडमधील नॉर्स वसाहती म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलँडहून आलेल्या नॉर्स लोकांनी ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वसविलेल्या पशुपालक शेतकऱ्यांच्या वस्त्या होत. सुमारे साडेचार शतके टिकून त्या पंधराव्या शतकात ओसाड पडल्या. उबदार काळात वसल्या आणि थंडी पडताच नष्ट झाल्या, असा त्यांचा इतिहास दीर्घकाळ सांगितला जात असे. नंतरच्या संशोधनाने ही मांडणी पूर्णपणे खोटी ठरविली नाही, पण ती अपुरी असल्याचे दाखवून दिले. हवामानाचा परिणाम माणसांवर थेट गारठ्याने झाला त्यापेक्षा गवताची वाढ, समुद्रातील बर्फ आणि जहाजांच्या वाटा यांच्यामार्फत अधिक झाला.

वसाहतींची स्थापना

मनुष्यवधाच्या गुन्ह्यामुळे आइसलँडमधून तीन वर्षांसाठी हद्दपार झालेल्या तांबड्या केसांच्या एरिकने इ.स. ९८२च्या सुमारास या किनाऱ्याची पाहणी केली. परतल्यावर त्याने या भूमीला 'हिरवा देश' असे नाव दिले. नाव आकर्षक असेल तर लोक तिकडे जाण्यास राजी होतील, असा त्यामागील हेतू सागा वाङ्मयात नोंदविला आहे. इ.स. ९८५-८६ च्या सुमारास त्याच्याबरोबर २५ जहाजे निघाली आणि त्यांपैकी १४ पोहोचली, असे परंपरा सांगते.

वस्त्या दोन भागांत विभागलेल्या होत्या. दक्षिणेकडील मोठ्या भागास पूर्व वसाहत, तर तेथून सुमारे ५०० किलोमीटर वायव्येस, आजच्या नूक शहराच्या परिसरातील लहान भागास पश्चिम वसाहत म्हणत. नावांवरून गैरसमज होण्याचा संभव आहे. दोन्ही वसाहती ग्रीनलँडच्या पश्चिम बाजूसच होत्या. एरिकचे घर ब्रात्ताह्लीद येथे होते. जवळच्या गार्दार येथे बाराव्या शतकात बिशपचे पीठ स्थापन झाले. एकूण लोकसंख्या दोन-तीन हजारांच्या आसपास असावी, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

हा काळ ढोबळमानाने इ.स. ९५० ते १२५० या 'मध्ययुगीन उबदार काळा'त मोडतो. तथापि ही ऊब सर्वत्र सारखी नव्हती. पश्चिम ग्रीनलँडमधील काही हिमनद्या याच काळात पुढे सरकलेल्या होत्या, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यामुळे वसाहतकारांना सुखद हवामान लाभले होते हे विधान जपूनच करावे लागते.

गवतावर उभी असलेली अर्थव्यवस्था

नॉर्स लोकांनी गाई, शेळ्या आणि मेंढ्या बरोबर आणल्या. थोडेफार सातू पिकविले जात असल्याचा पुरावा उत्खननात मिळाला आहे, परंतु धान्यशेती नाममात्रच होती. तेराव्या शतकातील 'राजाचा आरसा' या नॉर्वेजियन ग्रंथात ग्रीनलँडच्या बहुतेक लोकांना भाकरी म्हणजे काय हे ठाऊक नाही, असा उल्लेख आहे. दूध, लोणी व चीज यांवर निर्वाह चाले आणि त्यासाठी गाई वर्षातील निम्म्याहून अधिक काळ दगडमातीच्या जाड भिंतींच्या गोठ्यांत बांधून ठेवाव्या लागत. आखूड उन्हाळ्यात कापून वाळविलेल्या गवताच्या बेगमीवरच त्या वसंतापर्यंत तगत. त्यामुळे उन्हाळा दोन-तीन आठवड्यांनी लहान झाला किंवा पाऊस कमी पडला, तर त्याचा फटका त्याच वर्षी नव्हे, तर पुढच्या वसंतात, गंजी संपल्यावर बसत असे. लागोपाठ दोन-तीन वर्षे अशी गेली की दुभती जनावरे मारावी लागत, आणि एकदा घटलेला कळप पुन्हा वाढविणे सोपे नव्हते.

गार्दार येथे बांध व पाट काढून कुरणांना पाणी दिले जात असल्याचे अवशेष सापडले आहेत. बर्फाच्छादित बेटावर सिंचनाची गरज भासावी हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण दक्षिण ग्रीनलँडमधील शेतकऱ्याला थंडीइतकीच कोरड्या उन्हाळ्याचीही धास्ती असे.

हवामानातील बदलांचे पुरावे

ग्रीनलँडच्या हिमस्तरातून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन तापमानाचा अंदाज बांधता येतो. डॅनिश शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९७० च्या दशकात तिचा संबंध नॉर्स वसाहतींच्या ऱ्हासाशी जोडला. मात्र हे गाभे वस्त्यांपासून दूर, उंच हिमपठारावर घेतलेले असल्याने नंतर वस्त्यांजवळच्या तळ्यांतील गाळ तपासण्यात आला. पश्चिम वसाहतीच्या उत्तरेकडील कांगेरलुसुआक परिसरातील तळ्यांवरून इ.स. ११०० च्या सुमारास सुरू होऊन सुमारे ८० वर्षांत तापमान ४ अंश सेल्सियसने घसरल्याचे २०११ मध्ये दाखविण्यात आले. याउलट पूर्व वसाहतीतील एका शेताजवळच्या तळ्याच्या गाळावरून २०२२ मध्ये वेगळा निष्कर्ष निघाला: तेथे तापमानात फारसा फरक पडला नव्हता, पण हवामान शतकानुशतके अधिकाधिक कोरडे होत गेले होते. २०२३ मधील एका अभ्यासानुसार हिमस्तर वाढल्याने त्याच्या वजनाखाली किनारा दबला व त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पाणी ओढले गेले. परिणामी दक्षिण किनाऱ्यावर समुद्राची पातळी ३ मीटरहून अधिक वाढून सखल कुरणे पाण्याखाली गेली असावीत. म्हणजे इतर वेळी समुद्र खाली नेणाऱ्या बर्फाच्या वाढीने येथे तो वर चढविला.

तेराव्या शतकानंतर सुरू झालेल्या 'लघु हिमयुगा'च्या कारणांविषयी मतभेद आहेत. १२५७ मधील इंडोनेशियातील सामालास ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक व त्यानंतरचे उद्रेक हे त्यामागील एक कारण मानले जाते.

आहारातील बदल

नॉर्स लोक जुन्या चालीरीतींना चिकटून राहिल्यामुळे संपले, हा समज जॅरेड डायमंड यांच्या २००५ मधील 'कोलॅप्स' या पुस्तकामुळे विशेष रूढ झाला. हाडांचा पुरावा त्याला पूर्णतः दुजोरा देत नाही. दफनभूमीतील सांगाड्यांच्या समस्थानिक विश्लेषणानुसार सुरुवातीच्या काळात आहारातील सुमारे २० टक्के भाग समुद्रातून येई. अखेरच्या काळात काहींच्या बाबतीत तो ८० टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. शेतकरी म्हणून आलेले हे लोक सीलच्या मांसावर जगू लागले होते. हा बदल लहान म्हणता येणार नाही. तरीही थुले लोकांप्रमाणे, म्हणजे आजच्या इन्युइटांच्या पूर्वजांप्रमाणे, हिवाळ्यात बर्फातील श्वासछिद्रापाशी दबा धरून सील मारण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केल्याचा पुरावा मिळत नाही. वसंतात कळपाने येणाऱ्या सीलवर त्यांची भिस्त राहिली.

व्यापार आणि समुद्रमार्ग

लोखंड व इमारती लाकूड यांसाठी वसाहती नॉर्वेवर अवलंबून होत्या. त्या बदल्यात त्या प्रामुख्याने वॉलरसचे सुळे पाठवीत. त्यांसाठी शिकारी उत्तरेकडे डिस्को उपसागरापर्यंत जात. चौदाव्या शतकात इवार बार्दार्सॉन या धर्माधिकाऱ्याने उत्तरेकडून बर्फ येऊन जुना जलमार्ग धोक्याचा झाल्याची नोंद केली. त्याच सुमारास युरोपात हत्तीच्या दातांची आवक वाढली, आणि १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेगने थैमान घातले. ग्रीनलँडला जहाजे येणे विरळ होत गेले. आइसलँडलाही लघु हिमयुगाची झळ बसली, परंतु तो देश टिकला. तेथे लोकसंख्या मोठी होती, मासळीला बाजारपेठ होती आणि जहाजे येत राहिली.

वसाहतींचा अंत

पश्चिम वसाहत चौदाव्या शतकाच्या मध्यास ओस पडू लागली होती. इवारच्या वृत्तांतानुसार तेथे माणूस आढळला नाही, मोकाट जनावरे मात्र होती. निपाट्सोक येथील शेतावर कापल्याच्या खुणा असलेली शिकारी कुत्र्यांची हाडे सापडली. कुटुंबाने अखेरीस कुत्रेही खाल्ले असावेत, असा अर्थ त्यावरून लावला जातो. १९९० मध्ये रेनडिअरच्या शिकाऱ्यांना आढळलेले 'वाळूखालचे शेत' हिमनदीच्या प्रवाहाने आणलेल्या वाळूत गाडले गेले होते.

पूर्व वसाहतीची अखेरची लेखी नोंद एका विवाहाची आहे. सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्से येथील चर्चमध्ये थोर्स्टाइन ओलाफ्सॉन व सिग्रिद ब्योर्न्सडॉटिर यांचे लग्न लागले. १४१० मध्ये तेथून जहाज निघाले, आणि त्यानंतर लेखी वृत्त मिळत नाही. हेर्योल्फ्सनेस येथे १९२१ मध्ये पोउल नॉर्लुंड यांनी केलेल्या उत्खननात गोठलेल्या जमिनीमुळे टिकलेले लोकरी पोशाख मिळाले. गोठलेल्या थडग्यांत वनस्पतींची मुळे शिरलेली होती, त्यावरून दफनाच्या काळी जमीन वितळत असली पाहिजे, असे त्यांनी मांडले. उरलेले लोक उपासमारीने मेले की तरुण पिढी हळूहळू आइसलँड-नॉर्वेकडे निघून गेली, याविषयी एकमत नाही. मात्र रोगराई किंवा कत्तलीच्या सामूहिक दफनांचा अभाव पाहता दुसऱ्या शक्यतेकडे कल अधिक आहे.

१७२१ मध्ये हान्स एगेदे हा धर्मोपदेशक नॉर्स वंशजांच्या शोधात ग्रीनलँडला आला, तेव्हा त्याला इन्युइट लोक आणि पडकी घरेच आढळली. ब्रात्ताह्लीद असलेल्या कासिआर्सुक येथे १९२४ पासून पुन्हा मेंढीपालन सुरू झाले. सध्याच्या तापमानवाढीमुळे उकिरड्यांतील गोठलेले थर वितळून त्यांतील हाडे, लाकूड व कापड कुजू लागले आहे, आणि उर्वरित प्रश्नांची उत्तरे ज्यातून मिळू शकली असती तो पुरावा त्याबरोबर नाहीसा होत आहे.