अधिकाऱ्यांची शाळा : ‘यशदा’

पुण्याच्या बाणेर रस्त्यावरील ‘यशदा’, अर्थात यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, ही महाराष्ट्र शासनाची शिखर प्रशिक्षण संस्था १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय स्टाफ कॉलेज म्हणून सुरू झाली, १९८४ मध्ये पुण्यात आली आणि १९९० पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. रुजू होताना दिले जाणारे पायाभूत प्रशिक्षण नियम, कार्यपद्धती आणि लेखाशिस्त शिकवते. सेवांतर्गत प्रशिक्षणात मात्र, निदान अपेक्षेप्रमाणे, माणसे आणि निर्णय हाताळण्याची तयारी करून घेतली जाते. केंद्राने २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ने नियमाधारित प्रशिक्षणाऐवजी भूमिकाधारित, म्हणजे पदाला प्रत्यक्ष लागणाऱ्या क्षमता हेरून आखलेल्या, प्रशिक्षणाचा आग्रह धरला, परंतु प्रशिक्षित अधिकाऱ्याची लगेच भलत्याच विभागात बदली होत असेल, तर त्या क्षमतांचा उपयोग मर्यादितच राहतो.