एक नाव, तिघांचे ऐक्य : त्रैक्याचा सिद्धांत आणि कृष्णाकाठची ख्रिस्ती श्रद्धा

ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला जातो. उल्लेख तिघांचा होतो, तरी ‘नाव’ हा शब्द एकवचनीच राहतो; ‘नावांनी’ असे कोणी म्हणत नाही. त्रैक्याच्या सिद्धांताचे सार या एका रूपात साठवलेले आहे : देव एकच आहे आणि त्या एका देवात पिता, पुत्र व पवित्र आत्मा अनादिकाळापासून आहेत. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनने आणि सांगली-मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनने एकोणिसाव्या शतकात काम उभारले. या दोन परंपरांची मंडळीच्या कारभाराविषयीची मते वेगळी होती, परंतु त्रैक्यावरील श्रद्धा दोन्हींची समान होती आणि रोमन कॅथलिकांचीही तीच आहे.

या श्रद्धेला सिद्धांताचे रूप वादातून आले. अलेक्झांड्रियाच्या एरियसने पुत्र हा देवाची सर्वश्रेष्ठ परंतु निर्मित कृती आहे, असे प्रतिपादन केले, तेव्हा इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, म्हणजे पित्याचे जे देवपण तेच पुत्राचेही, असा निर्णय दिला. पुढे ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्याविषयीची कलमे विस्ताराने मांडली. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने निकियाच्या निर्णयाच्या समर्थनार्थ दिलेला युक्तिवाद साधा होता. ख्रिस्त केवळ निर्मित असेल, तर त्याची उपासना ही सृष्ट वस्तूची उपासना ठरते, आणि जो स्वतः निर्मित आहे तो माणसाला देवाशी जोडू शकत नाही. सिद्धांत घडला तो अशा रीतीने, भक्ती खरी ठरावी म्हणून.

मराठी वाचकाला त्रैक्य ऐकताच त्रिमूर्ती आठवते, आणि सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबरसारखे दत्तक्षेत्र असताना ते स्वाभाविकही आहे. तथापि उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्ये ब्रह्मा, विष्णू व महेश यांच्याकडे वाटून देण्याची जी पद्धत सर्वपरिचित आहे, ती त्रैक्याला लावता येत नाही, कारण ख्रिस्ती विचारात निर्मिती, तारण आणि पवित्रीकरण ही तिन्ही कार्ये तिघांची मिळून असतात. एकच देव प्रसंगानुसार तीन रूपे धारण करतो, हे सॅबेलियसच्या नावाने ओळखले जाणारे मतही मंडळीने नाकारले, कारण तसे मानल्यास येशूने पित्याला केलेली प्रार्थना निरर्थक ठरते. ‘तीन व्यक्ती’ हा शब्दप्रयोगही मराठीत अडचणीचा आहे : बोलीत व्यक्ती म्हणजे स्वतंत्र माणूस, त्यामुळे तीन देवांचा भास होतो. येथे व्यक्ती या शब्दाचा अर्थ नात्यात घ्यावा लागतो. पुत्राशिवाय पिता हा पिता नाही आणि पित्याशिवाय पुत्र हा पुत्र नाही.

हा विचार मराठीत उतरवण्याचा प्रयत्न जुना आहे. गोव्यात १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी पुराणकाव्याची मंगलाचरणाची रीत स्वीकारून त्र्येक देवाला वंदन केले. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी आपल्या गुरुस्थानी असलेल्या ख्रिस्ती मठातील भगिनींना निर्भीडपणे प्रश्न विचारले. जे बुद्धीला पटले नाही ते मुखाने म्हणायचे नाही, हा त्यांचा आग्रह श्रद्धेची अवहेलना नव्हता, तिची प्रामाणिक परीक्षा होती.

साताऱ्यात या प्रश्नाला भक्तीच्या अंगाने उत्तर मिळते. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात एकत्र बोलावले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. अभंग आणि कीर्तन यांच्या वाटेने चालणाऱ्या टिळकांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले. अशी हाक रास्त ठरायची असेल, तर ज्याला ती घातली तो देवाशी एकतत्त्व असलाच पाहिजे. अन्यथा ती थोर पुरुषाची स्तुती होईल, ईश्वरभक्ती होणार नाही. निकियाच्या परिषदेने ग्रीक संज्ञेत जे राखले, ते साताऱ्याच्या दरबारात अभंगाच्या चालीवर गायिले गेले.

श्रद्धावंतासाठी या सिद्धांताचा अर्थ त्याच्या प्रार्थनेच्या रचनेतच दिसतो. प्रार्थना पित्याला उद्देशून केली जाते, ती पुत्राच्या नावाने मागितली जाते आणि मागण्याचे बळ पवित्र आत्मा देतो. म्हणजे प्रार्थना करणारा देवापुढे एकटा उभा नसतो, देवाच्या अंतरंगात आधीपासून चाललेल्या प्रीतीत त्याला सामावून घेतलेले असते. देव मुळातच प्रीतीचे नाते असेल, तर माणसांनी एकमेकांपासून तुटून राहणे हे देवाच्या स्वभावाविरुद्ध जाते, आणि जातीच्या भिंती ओलांडून एकाच भाकरीचा वाटा घेणारी मंडळी त्या सिद्धांताची खरी साक्ष ठरते.

पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणानंतर येणारा त्रैक्य रविवार मे-जूनच्या सुमारास, कृष्णाकाठचा शेतकरी पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो त्या दिवसांत येतो. ख्रिस्ती वर्षातील बहुतेक सण ख्रिस्ताच्या जीवनातील घटनांशी जोडलेले आहेत. हा दिवस मात्र देव स्वतः कोण आहे, याच्या चिंतनाचा आहे. त्या दिवशी मंडळी पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे स्मरण करते, आणि नाव एकच घेते.