तांदळाचे ताट आणि पेशींचा थर

बदलापूरचे बेलवली आज शहरात मिसळले असले, तरी भातखाचरे इथल्या मुलांना अनोळखी नाहीत. तेव्हा तांदळापासूनच सुरुवात करू. पसरट ताटात लांब दाण्याच्या तांदळाचा एकच दाट थर पसरा आणि ताट हलकेच हलवत राहा. शेजारचे दाणे समांतर होऊ लागतात. आडवेतिडवे दाणे एकमेकांना अडतात. समांतर दाण्यांना हलायला जागा मिळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीराम रामस्वामी आणि त्यांचे सहकारी विजय नारायण व नारायणन मेनन यांनी अशा हलत्या थरांचा अभ्यास केला. २००६ मधील त्यांच्या प्रयोगांत धातूच्या कांड्यांबरोबर बासमती तांदूळही होता!

ताट थांबले की दाणेही थांबतात. जिवंत पेशीला मात्र बाहेरून कोणी हलवावे लागत नाही. अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च करून ती शेजारच्या पेशींना ओढते, ढकलते. ज्याचे घटक स्वतःच अशी ऊर्जा वापरून हालचाल करतात, त्याला ‘सक्रिय द्रव्य’ म्हणतात.

आता मुलांना शाईच्या पॅडवर बोट टेकवून ठसा घ्यायला सांगा. बहुतेक रेषा समांतर धावतात. पण शंखात एका जागी रेषा वळसा घेऊन माघारी फिरते, तर दुसऱ्या जागी तीन बाजूंच्या रेषा भेटून त्रिकोण होतो. या बिंदूंपाशी रेषेची दिशा ठरवताच येत नाही. त्यांना ‘दोषबिंदू’ म्हणू. (शंखाला एक त्रिकोण असतो, चक्राला बहुधा दोन. मोजून पाहा.) ठसा सक्रिय द्रव्य नव्हे, साम्य फक्त आकृतीचे.

अभिस्तर ऊतींतील लांबट पेशींच्या मांडणीतही हेच दोन प्रकारचे बिंदू दिसतात. आतड्याच्या अस्तरातून जुन्या पेशी सतत काढाव्या लागतात. पण अस्तराला भोक पडून चालत नाही. मग बाहेर पडणाऱ्या पेशीची जागा कशी ठरते?

सिंगापूर, फ्रान्स व इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडातील पेशींचा थर वाढवून हे तपासले. वळशाच्या दोषबिंदूपाशी पेशींवर दाब एकवटतो. तिथल्या पेशी मरून थराबाहेर ढकलल्या जाण्याचे प्रमाण अधिक होते. थराला विशिष्ट आकारात वाढवून दोषबिंदू ठरावीक जागी आणले, तेव्हा पेशीही तिथेच जास्त बाहेर पडल्या.

म्हणजे पेशीचे मरण केवळ तिच्यातील रसायनांवर ठरत नाही. शेजारी कसे उभे आहेत, यावरही ठरते. जीवशास्त्राच्या तासाला दाब आणि बल यांची आठवण करून द्यायला याहून चांगले उदाहरण कोणते?