आपले राज्य आणि त्याची मानचिन्हे

(द्वितीय वर्ष, कला)

'महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता?' हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास असतो, आणि 'हरियाल' हे उत्तर आपणा सर्वांना पाठ असते. परंतु हा हरियाल कोठे राहतो, काय खातो, आपल्या तालुक्यात त्याला आसरा मिळेल काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम राज्याच्या जन्माविषयी. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, हे सर्वश्रुत आहे. आपला मराठवाडा मात्र तेथवर वेगळ्या वाटेने आला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १९५८ साली येथे विद्यापीठ निघाले. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशी माझ्यासारखी मुले आज मराठीतून पदवीचा अभ्यास करतात. या इतिहासाविना ते घडते ना!

आता मानचिन्हांकडे वळू. आंबा हा राज्यवृक्ष, ताम्हण हे राज्यफूल, शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी. २०१५ साली 'ब्लू मॉरमॉन' हे राज्य फुलपाखरू ठरले. पापलेट हा राज्यमासा २०२३ मधला. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीपासून राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झाले. त्यात गोदावरीचे नाव आहे. आपल्या तालुक्यातून वाहणारी गिरिजा पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला!

यातील पापलेट समुद्राचा. शेकरू ही मोठी खार सह्याद्रीच्या दाट रानातली. भीमाशंकरचे अभयारण्य तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. ताम्हण कोकणात व विदर्भाच्या जंगलात ओढ्याकाठी आढळतो. त्याची जांभळी फुले नेमकी महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुलतात. मग आपल्या कोरडवाहू मुलखाच्या वाट्याला काय?

आपल्या वाट्याला आंबा आहे आणि हरियालही आहे. आंब्याच्या डहाळ्यावाचून आपल्याकडे लग्नाचा मांडव सजत नाही. हरियाल हे हिरवट-पिवळ्या रंगाचे, पिवळ्या पायांचे कबुतर. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य अन्न. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. पानांत बसला की दिसतही नाही. शेकरूचेही तसेच, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या मारीतच त्याचे आयुष्य जाते. म्हणजे राज्याचा प्राणी आणि पक्षी, दोघांचेही घर जुन्या, डेरेदार झाडांवर! रस्ता रुंद करताना एक जुना वड तोडला, तर त्याच्या जागी लावलेले रोप हरियालाला खाऊ घालण्याइतके मोठे होण्यास कित्येक वर्षे लागतात. बांधावरचा गावरान आंबा सरपणासाठी विकला जातो, तेव्हा राज्यवृक्षच विकला जातो, हे आपल्या ध्यानी येत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९०७ साली शाळकरी मुलांनी मतदान करून राज्याचे झाड व फूल निवडले, आणि पुढच्या वर्षी त्यावर कायद्याची मोहोर उमटली. आपली मानचिन्हे सरकारने ठरविली. ती जपण्याचे काम मात्र आपल्या हाती आहे. विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील वड, पिंपळ, उंबर आणि जुने आंबे मोजावेत, त्यांची नोंद महाविद्यालयात ठेवावी. दरवर्षी ती नोंद पडताळून पाहिली, तर कोणते झाड गेले हे निदान कळेल. गुरुजनांनी या कामी मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती. मग राज्यपक्ष्याचे नाव आपल्याला पाठ करावे लागणार नाही. तो आपल्याच शिवारात दिसेल.