मुलगी रेडिओवर बातम्या देणार म्हणते!



प्रवेशाच्या दिवसांतली गोष्ट. आपले एक सभासद उसाची नोंद करायला गट ऑफिसात आले होते. नोंद झाली, चहा झाला, तरी उठेनात. शेवटी आम्हाला म्हणाले, "भाऊसाहेब, पोर बी.ए. झाली. आता जळगावला विद्यापीठात जाऊन पत्रकारिता शिकते म्हणते. ती बी रेडिओ-टीव्हीची! बी.एड. कर म्हटलं तर ऐकत नाही. यात पोटाला मिळतं का काही?"

त्या दिवशी आम्ही त्यांना अर्धवटच उत्तर दिले. तोच प्रश्न अनेक घरांत असणार, म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत.

पूर्वी खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे होती. पत्रकारिता शिकायची तर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट गाठावे लागे. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे त्याचे क्षेत्र. तेथे जनसंवाद व पत्रकारितेचा विभाग आहे आणि पदवीनंतर दोन वर्षांचे एम.ए. करता येते. 2018 पासून या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने जे रचले ते तोंडाने सांगितले आणि ते ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरवले. बोललेल्या शब्दाची ताकद काय असते, हे आपल्या भागाला निराळे शिकवायला नको.

आता हे शिक्षण म्हणजे काय? बातमी मिळवणे, मुलाखत घेणे, आवाज व चित्र टिपणे, कापून जोडणे, कायदा पाळणे, हे सगळे त्यात येते. पण गाभा एकच आहे: कानासाठी लिहिणे. वर्तमानपत्रातले वाक्य कळले नाही तर माणूस पुन्हा वाचतो. रेडिओची बातमी एकदाच ऐकू येते. ऐकणारा मोटर चालू करत असतो, बाई भाकरी थापत असते. पहिल्या झटक्यात कळले तर कळले, नाही तर गेले.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर क्विंटलला 340 रुपये ठरवला होता, 10.25 टक्के उताऱ्याला. नवखा बातमीदार सांगेल, "शेतकऱ्यांना टनाला 3,400 रुपये." संपले! उसाच्या घरातली मुलगी सांगेल, "टनाला 3,400 रुपये. पण हा दर सव्वादहा टक्के उताऱ्याचा. उतारा वाढला तर दर वाढतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच वजा होतो." वाक्ये छोटीच, पण ऐकणाऱ्याच्या हाती पूर्ण हिशेब पडला. शेवटचे वाक्य गाळले तर बातमी खोटी ठरत नाही, पण घरोघर भांडणे लागतात आणि शेतकी विभागापुढे रांग लागते! ही जाण पुस्तकातून येत नाही, ती आपल्या मुलांना घरातच मिळालेली असते.

शेतकऱ्याच्या कानासाठी असे बोलण्याचा मोठा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागांतील सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळे काढली. गावकरी आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत आणि मग चर्चा करत. त्यांच्या शंका केंद्राकडे जात, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता. 1976 मध्ये जळगावला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, पुढे धुळ्यालाही झाले.

आता पोटाचा प्रश्न. येथे गोड बोलून चालणार नाही. आकाशवाणीत कायम जागा थोड्या निघतात. पुष्कळ निवेदक नैमित्तिक असतात, म्हणजे जितक्या पाळ्या तितके पैसे. खासगी एफ.एम. केंद्रांना स्वतःची बातमीपत्रे देण्याची मुभा नाही, आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. तेव्हा तेथे निवेदन मिळेल, बातमीदारी नाही. मराठी वृत्तवाहिन्यांचा मुख्य कारभार मुंबईकडे. जिल्ह्यातल्या कित्येक बातमीदारांना बातमीमागे पैसे मिळतात, पगार नाही. मोबाइलवर स्वतःची वाहिनी कोणीही काढतो, पण उत्पन्नाची खात्री नाही आणि चुकीच्या बातमीची जबाबदारी मात्र आपलीच.

मग पाठवायचेच नाही का? तसे आम्ही म्हणत नाही. तयारीने पाठवा, एवढेच सांगणे.

पहिले, रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, मोबाइलवर टिपावे आणि आठवड्याने स्वतःच ऐकावे. आपल्या चुका आपल्याच कानाला लागतात. दुसरे, घरच्या अहिराणीची लाज धरू नये. मायक्रोफोनपुढे प्रमाण मराठी स्वच्छ हवी, पण बांधावरच्या माणसाला बोलते करायला घरचीच बोली लागते. हिंदी-इंग्रजी कळायला हवीच. तिसरे, एक विषय पक्का धरावा. पाणी, ऊस, केळी, कापूस, कोणताही चालेल. चौथे, ग्रामसभेला बसावे, टिपण काढावे, दोन्ही बाजू ऐकाव्यात. पाचवे, संकलन किंवा भाषांतर असे दुसरे हुन्नर हाती ठेवावे. अडचणीच्या दिवसांत तेच कामाला येते.

पालकांनीही प्रवेशाआधी स्वतः विभागात जावे. फी किती, यंत्रे मुलांच्या हातात किती वेळ मिळतात, मागची मुले आज कोठे काम करतात, हे तोंडावर विचारावे. आपण बियाणे घेताना दहा प्रश्न विचारतो, मग येथे संकोच कशाला?

त्या सभासदांना आम्ही शेवटी एक परीक्षा सुचवली. कारखान्याच्या वार्षिक अहवालातले ताळेबंदाचे पान मुलीच्या हाती द्या. ते तिने वाचायचे नाही, आईला दोन मिनिटांत सांगायचे. आईला एका ऐकण्यात कळले, तर मुलीला अंग आहे असे समजा.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. म्हणाले, "तिच्या आईला समजलं भाऊसाहेब. कारखान्यावर कर्ज किती आणि व्याज किती जातं, मलाच विचारायला लागली. मला सांगता येईना!"

मुलीचा प्रवेश झाला आहे. पुढे नोकरी कोठे आणि कशी लागेल, हे आम्ही आज सांगू शकत नाही. पण येत्या वार्षिक सभेला त्या माउली प्रश्न घेऊन येणार आहेत, एवढे संचालक मंडळाने ध्यानात ठेवावे!